सोळाव्या दिवसापासून

सासूबाईंचं आयुष्मान वय वंदना कार्ड निघालं तेव्हा घरात सगळ्यांनाच हलकं वाटलं. ७० वर्षांवरच्या कुणालाही, उत्पन्न कितीही असो, वर्षाला ५ लाखांपर्यंतचे उपचार फुकट, असं आशाताईंनी सांगितलं होतं. केंद्र सरकारने हे २९ ऑक्टोबर २०२४ ला सुरू केलं. आमच्या गावात कार्डं निघेपर्यंत होळी आली. आत्यांचा, म्हणजे सासूबाईंचा, अंगठा मशीन घेईना. जन्म शेणामातीत गेलेला, बोटांवर रेषा राहिल्यात कुठे? शेवटी आधारला जोडलेल्या मोबाईलवर ओटीपी मागवला आणि काम झालं. आधारवर जन्मतारीख १ जानेवारी १९५३ आहे. शाळेचा दाखलाच नसल्याने तेव्हा कुणीतरी अंदाजाने लिहिलेली. ती खरी असो-नसो, कार्डाला चालली.

कार्ड हातात घेऊन आत्यांनी विचारलं, "हे पाच लाख देतात कुठं?" पैसे हातात मिळत नाहीत, दवाखान्यात वळते होतात, असं सांगितल्यावर त्यांनी कार्ड परत दिलं. "मग तुझ्याकडंच ऱ्हाऊ दे."

त्यांचं दुखणं जुनं आहे. खोकला आणि दम. कधी विडी ओढलेली नाही, पण लग्न होऊन आल्यापासून चुलीपुढे बसलेल्या. आमच्याकडे गॅस आला तरी भाकरी चुलीवरची आणि आंघोळीचं पाणी परड्यातल्या चुलवणावर. पावसाळ्यात ओली लाकडं, त्यात फुंकणीने फुंकायचं. गावातले डॉक्टर बरीच वर्षं दमाच समजून गोळ्या देत होते. मोठ्या डॉक्टरांनी नळीत फुंकायची तपासणी केली तेव्हा सीओपीडी असल्याचं कळलं. फुप्फुसाच्या नळ्या कायमच्या आकसलेल्या. हे बरं होत नाही, पण औषध रोज घेतलं तर आटोक्यात राहतं, असं ते म्हणाले होते. त्यांनी 'रोज' या शब्दावर जोर दिला होता, तो आम्हाला पुढे आठवत राहिला.

२०२५ च्या जुलैत, पाऊस लागून राहिलेला असताना, एका रात्री आत्यांना बोलता येईना. ओठ निळे पडले होते. गावातल्या डॉक्टरांनी बोटाला यंत्र लावलं तर ऑक्सिजन ८२. त्यांनी कोल्हापूरला न्यायला सांगितलं. आम्ही योजनेतलं हॉस्पिटल आधी विचारून ठेवलं होतं, ते बरं झालं. रात्री अडीचला शोधाशोध करायची वेळ आली नाही. तुमच्या घरात म्हातारं माणूस असेल तर एवढं तरी आधी करून ठेवा. जवळची कोणती हॉस्पिटलं योजनेत आहेत आणि त्यातल्या कुठे छातीचे डॉक्टर आहेत, हे १४५५५ या फुकटच्या नंबरवर विचारता येतं.

हॉस्पिटलच्या दाराशीच आरोग्यमित्राचं टेबल असतं. सकाळी त्यांनी कार्ड आणि आधार घेतलं, फोटो काढला, मंजुरीला पाठवलं. दुपारपर्यंत मंजुरी आली. तोंडावर मास्क लावून दाबाने हवा देणारं यंत्र, सलाईन, इंजेक्शनं, रक्ताच्या तपासण्या, एक्स-रे. आठवडाभर आत्या तिथे होत्या आणि कॅश काउंटरवर आम्हाला एक रुपया भरावा लागला नाही. खरं सांगते, मंजुरी आल्याचं कळलं तेव्हा मी आधी खाली जाऊन दोन वडापाव खाल्ले. आत्यांचा दम अजून उतरला नव्हता, पण पैशाची काळजी गेली आणि भूक लागली. मी अंगणवाडीत मदतनीस आहे, हे गावातल्या दूध संस्थेत सचिव आहेत. आयसीयूचं बिल आम्हाला झेपण्यासारखं नव्हतंच.

घरी सोडताना कागद मिळाला. त्यावर औषधांची लांब यादी आणि पिशवीत पाच दिवसांची औषधं. बाकीची बाहेरून घ्या, असं काउंटरवरच्या मुलाने सांगितलं. आम्ही निघालोच होतो. तेवढ्यात शेजारच्या खाटेवरच्या आजोबांचा मुलगा म्हणाला, "ताई, पंधरा दिवसांची औषधं पॅकेजमध्येच असतात. मागून घ्या." मी आरोग्यमित्राकडे परत गेले. त्यांनी मान डोलावली, फोन केला आणि अर्ध्या तासात उरलेल्या दहा दिवसांची औषधं मिळाली. नियम असा आहे: भरती होण्याआधीच्या तीन दिवसांतला तपासणी-औषधांचा खर्च आणि घरी सोडल्यानंतरच्या पंधरा दिवसांची औषधं आजाराच्या पॅकेजमध्ये धरलेली असतात. हॉस्पिटल सोडण्याआधी हे विचाराच. न मागता मिळालं तर उत्तम, पण मागायला लाजू नका.

सोळाव्या दिवशी मी यादी घेऊन बाजारातल्या मेडिकलमध्ये गेले. बिल झालं ३,००० रुपये. एकरकमी आकडा ऐकून मी त्यांना एकेक वेगळं करून सांगायला लावलं. तीन औषधं एकत्र असलेला पंप ८९०. घरच्या वाफेच्या मशीनमध्ये घालायच्या दोन प्रकारच्या कुप्या मिळून १,१५०. दम आणि कफाच्या गोळ्या ४२०. बीपीची २१०. कॅल्शियम १८०. पित्ताची १५०. वाफेचं मशीन त्याआधीच १,८०० ला घेतलं होतं, ते वेगळं.

कार्ड दाखवलं तर मेडिकलवाले हसले. वाईट हसले नाहीत, रोजचंच असल्यासारखे हसले. "वहिनी, हे भरती झाल्यावरच चालतं. ओपीडीला नाही, आमच्याकडे तर नाहीच." मी घरी येऊन १४५५५ ला फोन लावला. तिथल्या मुलीने हेच सांगितलं, जरा नीट शब्दांत. डॉक्टरांची बाहेरची फी, बाहेर केलेल्या तपासण्या, महिन्याची औषधं, यातलं काहीच योजनेत बसत नाही. काही ठरावीक शस्त्रक्रियांनंतरच्या फेरतपासणीची पॅकेजं राज्याच्या महात्मा फुले योजनेत आहेत. तुमच्याकडे ऑपरेशन झालं असेल तर आरोग्यमित्राला तेवढं विचारून घ्या. आमचं ऑपरेशन नव्हतं.

आता आत्यांची कमाई सांगते. सातबारा त्यांच्या नावावर आहे. त्यामुळे पीएम किसानचे वर्षाला ६,००० आणि राज्याच्या नमो शेतकरीचे ६,००० त्यांच्या खात्यात येतात. बारा महिन्यांचे १२,०००. हे पैसे त्या स्वतःचे समजतात. नातवंडांना यात्रेला देतात, भिशी भरतात, माहेरी जाताना साडी घेतात. औषधांचा हिशेब वर्षाला ३६,०००. त्यांना गणित येत नाही असं कुणी समजू नये. मी बिल सांगितलं तेव्हा त्या एवढंच म्हणाल्या, "म्हंजे सरकार देतंय त्याच्या तिप्पट."

दुसरी अडचण घरातलीच होती. दीर इचलकरंजीला यंत्रमागावर आहेत. आजवर आत्यांच्या दवाखान्याचा खर्च दोघे भाऊ निम्मा-निम्मा करायचे. या वेळी ह्यांनी दीड हजाराचं सांगितलं, तर जाऊबाई फोनवर म्हणाल्या, "कार्ड आहे ना त्यांचं? पाच लाखांचं? मग पैसे कसले?" मला वाईट वाटलं. पण त्यांचं तरी काय चुकलं? बोर्डावर, गाडीवर, टीव्हीवर सगळीकडे ५ लाखच लिहिलेले आहेत. भरती झाल्यावरच, हे बारीक अक्षर कोण वाचतं? मी बिलाचे फोटो पाठवायला लागले. पहिल्या महिन्यात ते फोटो पाठवताना चोरी पकडल्यावर खुलासा देतोय असं वाटत होतं. आता सवय झाली आहे. दीर पैसे पाठवतात. तुमच्याकडे खर्च वाटून घ्यायचा असेल तर कार्डात काय आहे आणि काय नाही, हे भावाबहिणींना पहिल्याच दिवशी सांगून टाका.

गल्लीतल्या बायकांनी उपाय सुचवला होता. "चार दिवस अ‍ॅडमिट करून टाका. बाहेर पडताना पंधरा दिवसांचं मिळतंय की." मी गमतीत घेतलं. पुढे आरोग्यमित्र बोलता बोलता म्हणाले की असं विचारणारे खूप येतात. भरती करायला डॉक्टरांना कारण दाखवावं लागतं, तपासण्यांचे कागद जोडावे लागतात, नुसत्या औषधांसाठी कुणी मंजुरी देत नाही.

गणपतीत आत्यांसाठी नवीन पंप उघडला. तो त्या स्वतःच्या ट्रंकेत ठेवायच्या. "हाय का अजून?" विचारलं की "हाय, हाय" म्हणायच्या. दसरा झाला, ऊसतोडीच्या टोळ्या यायला लागल्या, आणि आत्यांना पुन्हा तसाच दम लागला. या वेळी जास्त. त्याच हॉस्पिटलला नेलं. दोन दिवस आयसीयू, मग वॉर्ड. कार्ड पुन्हा चाललं.

वॉर्डात एक सिस्टर औषधं तपासत होत्या. त्यांनी आत्यांचा पंप हातात घेतला, उलटा केला आणि मला विचारलं, "हा कधी उघडलाय?" मी गणपतीत म्हणाले. त्यांनी मागचा छोटा आकडा दाखवला. पंपात १२० फवारे असतात. सकाळी दोन, संध्याकाळी दोन घेतले की बरोबर महिन्यात संपतो. तो दसऱ्याच्या आधीच संपायला हवा होता. आकडा ७० च्या वर होता.

मी आत्यांकडे बघितलं. त्या खिडकीकडे बघायला लागल्या.

रात्री जेवण झाल्यावर त्यांनी सांगितलं. रोज चार फवारे म्हणजे महिन्याला नऊशे रुपये हवेत जातात. बरं वाटत असताना कशाला घ्यायचा? दम लागला तरच एक मारायचा. शिवाय पंप घेतल्यावर तोंड येत होतं, जिभेवर पांढरं यायचं, तिखट लागायचं. आणि मग त्या म्हणाल्या, "लईच झालं तर दवाखान्यात फुकाट हायच की. तितं तर सरकार भरतंय. तुमचं कशाला घालवू?"

मला काय बोलावं कळेना. रागावले असते, पण हिशेब त्यांचा बरोबर होता. घरी औषध घेतलं तर मुलाचे पैसे जातात. जीव जाईपर्यंत थांबून भरती झालं तर कुणाचेच जात नाहीत. कार्डाने त्यांना हेच शिकवलं होतं.

ह्यांना आकड्यांची सवय. संस्थेत दुधाच्या फॅटचे हिशेब करतात. त्यांनी केंद्राचं दरपत्रक मोबाईलवर काढलं. २०२१ मध्ये दर वाढवले त्याप्रमाणे साध्या वॉर्डाचा एक दिवस २,१०० रुपये आणि व्हेंटिलेटर न लावलेल्या आयसीयूचा एक दिवस ८,५००. म्हणजे आयसीयूच्या एका दिवसाच्या पैशात आमचे नऊ महिन्यांचे पंप आले असते. सरकार पंप देत नाही आणि पंप न घेतल्यामुळे होणारी भरती मात्र देतं. ह्यांनी हे आरोग्यमित्राला दाखवलं. ते बिचारे काय करणार? म्हणाले, "साहेब, मलाही माझ्या वडिलांची शुगरची औषधं विकतच घ्यावी लागतात."

या खेपेला घरी जाण्याआधी मी छातीच्या डॉक्टरांना गाठलं. मेडिकलचं बिल सोबत नेलं होतं. मी सरळ सांगितलं, "डॉक्टर, महिन्याला तीन हजार जमत नाही म्हणून यांनी औषध निम्मं केलं. जमेल तेवढ्यात काय बसतं ते सांगा." मला वाटलं होतं ते चिडतील. ते म्हणाले, "हे पहिल्या वेळीच सांगायला हवं होतं. पेशंट सांगत नाहीत आणि आम्ही विचारत नाही." त्यांनी खुर्ची ओढून यादी पुढे घेतली.

सगळ्यात महत्त्वाचं काय आणि नसलं तरी चालेल काय, हे त्यांनी पेनाने वेगळं केलं. कॅल्शियम आणि पित्ताची गोळी काढली. वाफेच्या कुप्या रोज नकोत, दम वाढला तरच, म्हणून दोन-चारच घरात ठेवायच्या. कफाच्या गोळ्यांपैकी एक बंद केली. तीन औषधांच्या एका महागड्या पंपाऐवजी दोन वेगळे पंप दिले: एकात बुडेसोनाईड आणि फॉर्मोटेरॉल, दुसऱ्यात टायोट्रोपियम. ही औषधं अत्यावश्यक औषधांच्या राष्ट्रीय यादीत आहेत आणि यादीतल्या औषधांची जास्तीत जास्त किंमत सरकार बांधून देतं, असं त्यांनी सांगितलं. टायोट्रोपियमच्या पंपात २०० फवारे असतात आणि दिवसाला दोनच घ्यायचे असतात. तो तीन महिन्यांहून जास्त पुरतो. हे ऐकून आत्यांचा चेहरा खुलला.

कॅप्सूल घालून ओढायचं साधन याहूनही स्वस्त पडतं. ते डॉक्टरांनी आत्यांना ओढून दाखवायला सांगितलं. आत्यांना जोराने ओढता येईना, म्हणून त्यांनी ते दिलं नाही. कुणाच्या सांगण्यावरून स्वस्त साधन परस्पर घेऊ नका, आधी ओढून दाखवा. औषध फुप्फुसात गेलंच नाही तर स्वस्ताचा काय उपयोग? पंपाला लावायची प्लास्टिकची नळी, तिला स्पेसर म्हणतात, ती एकदाच घ्यावी लागली. तिच्यामुळे फवारा घशावर न बसता आत जातो. आणि पंप घेतल्यावर पाण्याने चूळ भरून थुंकायचं. तोंड येण्याचं कारण तेवढंच होतं. जुलैत कुणी सांगितलं असतं तर निम्मं भांडण तिथेच मिटलं असतं.

निघताना मी आणखी एक मागितलं: औषधांची मूळ नावं लिहून द्या. कंपनीचं नाव लिहिलेलं असेल तर मेडिकलवाला आपल्या मनाने दुसऱ्या कंपनीचं देऊ शकत नाही. मूळ नाव असेल तर जनऔषधी केंद्रात चालतं. डॉक्टरांनी मोठ्या अक्षरात, मात्रेसकट लिहून दिलं.

जनऔषधी केंद्र आमच्या तालुक्याच्या गावी आहे, एसटी स्टँडपासून चालत जाण्यासारखं. पहिल्यांदा गेले तेव्हा बीपीच्या गोळ्या आणि एक पंप मिळाला, दुसरा नव्हता. बाहेर भरलेल्या किमतीच्या निम्म्याहून कमीत. तिथला मुलगा चांगला आहे. माल कधी येणार ते सांगतो, फोन नंबर लिहून घेतो. 'जनऔषधी सुगम' नावाचं अ‍ॅपही आहे. त्यात औषधाचं मूळ नाव टाकलं की किंमत दिसते आणि जवळचं केंद्र सापडतं. पण अ‍ॅपमध्ये औषध दिसलं म्हणजे ते त्या दुकानाच्या फळीवर असेलच असं नाही. मी आता आधी फोन करते, मगच एसटीत बसते. असेल तेव्हा दोन महिन्यांचं घेते, तारीख बघून. नसेल तेव्हा नेहमीच्या मेडिकलमधून तेवढंच घेते. 'मिळेल तेव्हा घेऊ' म्हणून खंड पडू देत नाही.

मग सरकारी दवाखान्याकडे वळले. मी अंगणवाडीत असल्याने प्राथमिक आरोग्य केंद्रात ओळख आहे, तरी आत्यांच्या औषधांसाठी तिकडे जायचं सुचलं नव्हतं. सरकारी म्हणजे लसीकरण आणि बाळंतपण, असंच डोक्यात बसलेलं. १५ ऑगस्ट २०२३ पासून राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या दवाखान्यांत केसपेपरचेही पैसे लागत नाहीत. तिथे बीपी आणि शुगरच्या रुग्णांची नोंद करतात, महिन्याच्या गोळ्या देतात. आत्यांची बीपीची गोळी आता तिथूनच येते. डॉक्टरांनी लिहिलेलं मूळ औषध आणि तिथलं औषध एकच आहे ना, हे मी दोन्ही कागद समोर ठेवून विचारून घेतलं. पंप मात्र तिथे नव्हते. दमाला वाफ देतात, गोळ्या देतात, पंप नाही. मागणी लिहून द्या म्हणाले, ती दिली आहे.

न्यूमोनियाची लस घ्या, असंही डॉक्टरांनी सांगितलं होतं. ती कार्डात बसत नाही. पुढच्या पीएम किसानच्या हप्त्याला घेऊ, असं आत्यांनी स्वतःच ठरवलं आहे.

चुलवणाचं सांगायचं राहिलं. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं की धूर चालू ठेवायचा असेल तर औषधांवर पैसे घालवू नका. भाकरी गॅसवर आली, पाण्यासाठी ह्यांनी गॅसचा गिझर बसवला. तो न्हाणीघराच्या आत न लावता बाहेर लावून घेतला. पण आत्यांचं परड्यात जाणं पूर्ण थांबलेलं नाही. कधी शेंगा भाजायला, कधी नुसतं शेकायला. मी काही बोलत नाही. सतरा वेळा बोलून झालं आहे.

आमच्या समोर निवृत्त सुभेदार राहतात. वय ७४, त्यांनाही दमा. त्यांचा पंप दर महिन्याला ईसीएचएसच्या पॉलिक्लिनिकमधून येतो. माजी सैनिकांची ती योजना २००३ पासून आहे. तिच्यात भरतीबरोबर महिन्याची औषधंही मिळतात. आमची धावपळ चालू असताना एक दिवस काकू येऊन म्हणाल्या, "आमचंबी वय वंदना कार्ड काढून दे की. तुमचं सगळं फुकटात झालं म्हणं." मी हातातलं काम टाकलं. ईसीएचएस किंवा केंद्र सरकारच्या सीजीएचएसमध्ये असलेल्यांना सत्तरीनंतर दोन्हींपैकी एक निवडावं लागतं. त्यांनी कार्ड घेतलं असतं तर भरती फुकट झाली असती आणि महिन्याचा पंप गेला असता. मी सुभेदारांना आमची सगळी बिलं दाखवली. ते एकेक कागद चष्मा लावून बघत राहिले आणि मग काकूंना म्हणाले, "ऱ्हाऊ दे ते कार्ड." आपल्या जिल्ह्यात घरटी फौजी आहेत. तुमच्याकडे कुणी असेल तर कार्ड काढायच्या रांगेत उभं राहण्याआधी त्यांना हे सांगा. खाजगी विमा असलेल्यांना मात्र अशी निवड करावी लागत नाही, त्यांना दोन्ही ठेवता येतात.

माझ्या माहेरी वडील ६८ वर्षांचे आहेत. काचबिंदूचे थेंब रोज दोन वेळा, जन्मभर. त्यांनी सत्तरी गाठल्यावर कार्ड निघेल. पण काचबिंदूच्या थेंबांसाठी कुणी भरती होत नाही, त्यामुळे त्या कार्डातून थेंबांचा एक रुपया सुटणार नाही. मी त्यांना आतापासूनच जनऔषधीत मूळ नावाने चौकशी करायला सांगितलं आहे.

सध्या आमचा महिन्याचा खर्च दोन्ही पंप जनऔषधीत मिळाले तर हजाराच्या आत बसतो. एखादा बाहेरून घ्यावा लागला तर बाराशे-साडेबाराशे. नवीन पंप उघडला की मी त्यावर स्केचपेनने तारीख लिहिते. दर रविवारी मुलगा मागचा आकडा वाचतो आणि वहीत टिपतो. आत्यांना ते आवडत नाही. "माझ्यावर तलाठी बसवलाय," म्हणतात. पण दिवाळीनंतर आकडा बरोबर उतरतो आहे आणि हिवाळा भरतीशिवाय गेला.

पुढच्या महिन्यात फेरतपासणी आहे. डॉक्टरांची फी ३००, कोल्हापूरचं जाणं-येणं वेगळं. तेही कार्डात नाही, हे मी दिरांना आधीच कळवून ठेवलं आहे.